पाठमोरी माणसं

"बाई, हे चित्र धरायचं कसं?" सावंत सरांनी कागद उभा धरला, आडवा धरला, मग उलटाही करून पाहिला. "याची सरळ बाजू कुठली?"

"कुठूनही धरा सर, चालेल," मी म्हटलं. हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

सावंत सर आमचे हेडमास्तर. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची मराठी शाळा होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथे ड्रॉइंग टीचर म्हणून नुकतीच लागले होते आणि रोज मुलुंडहून यायचे. हातातलं चित्र आठवीतल्या संगीता परबचं होतं आणि त्याच्यावरून तिला परीक्षेला बसवायचं की नाही ते ठरणार होतं.

परीक्षा म्हणजे सरकारी ड्रॉइंगची. तिच्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो. समोर काहीही न ठेवता आठवणीतून एखादा प्रसंग काढायचा. बाजार, लग्न, खेळाचं मैदान असं काहीही येतं. आमच्या शाळेचा निकाल फार चांगला लागायचा, कारण कोण पास होईल ते आधी शाळेतच टेस्ट घेऊन बघायचे आणि तेवढ्यांनाच पाठवायचे.

शिवाय माझ्या आधीच्या सरांनी एक पक्की युक्ती करून ठेवली होती. त्यांनी काही माणसं तयार करून दिली होती. फेटेवाला, काठीवाला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. सगळी पाठमोरी. चेहरा काढायला गेलं की बिघडतो, म्हणून कुणाला तोंडच द्यायचं नाही. या माणसांना नंबरसुद्धा होते आणि ते एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जायचे. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने मला विचारलं, "बाई, इथे तीन नंबरची बाई टाकू का?" मी म्हटलं, मी कितव्या नंबरची ते आधी सांग. वर्ग हसला, पण पोराने शेवटी तीन नंबरचीच टाकली.

टेस्टला विषय होता 'सार्वजनिक नळावरील दृश्य'. झाडून सगळ्यांनी नदीकाठ काढला. मागे दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य, पुढे पाठमोऱ्या बायका. वर्गाच्या खिडकीतून घाटकोपरचा खराखुरा डोंगर दिसत होता, वरपर्यंत झोपड्यांनी भरलेला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

संगीता मात्र कागद कोरा ठेवून बसली होती. मी तिच्या बाकापाशी गेले. तुमच्याकडे नळ कुठे आहे असं विचारलं. चाळीच्या चौकात, म्हणाली. मग मी विचारलं, "पाणी येतं तेव्हा तू कुठे उभी असतेस?"

"वर गॅलरीत. आई खाली, मी वर. कोण मधे घुसलं की मी वरून ओरडते."

मी पुढे काहीच बोलले नाही. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग तिने पेन्सिल उचलली.

तिने चौक वरून काढला. नुसती डोकी. तेल लावून चप्प बसवलेले भांग, अंबाडे, एक टक्कल, टॉवेल गुंडाळलेले ओले केस. डोक्यांच्या मधे हंडे, कळश्या, बादल्या यांचे गोल. काही गोल भरलेले, काही अर्धे, काही रिकामे. नळ मधोमध, बोटाएवढा, आणि सगळी डोकी त्याच्याकडे कललेली. मी कलाशाळेत शिकले, पुष्कळ चित्रं पाहिली. पण आठवीतल्या मुलीने रांगेतली घाई अशी नुसत्या डोक्यांनी दाखवलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला.

सावंत सरांच्या अंगावर मात्र काहीच आलं नाही. "यात माणसं कुठायत?" ते म्हणाले. "मला तर भांड्यांचं दुकान दिसतंय."

सर वाईट नव्हते. सरकारी परीक्षक ढिगाने पेपर तपासतो, त्याने हे असं उलटसुलट करत बसावं अशी अपेक्षा धरायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलगी नापास झाली तर शाळेचं नाव जातं ते जातंच, वर तिचंही नुकसान होतं. त्यात तथ्य होतं. संगीताच्या वडिलांची गिरणी संपात बसली होती आणि ते मालाडला वॉचमनची नोकरी करत होते. घरी ठरलं होतं की ही परीक्षा पास झाली तर ड्रॉइंग चालू ठेवायचं, नाहीतर शाळा सुटल्यावर शिवणक्लासला घालायचं. परीक्षेलाच बसली नाही तर शिवणक्लास नक्की होता.

सरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. या वर्षी नाही पाठवत, पुढच्या वर्षी बघू, एवढं सांगून विषय मिटवायचा त्यांचा विचार होता. संगीताची आई आली, दारातच उभी राहिली. सरांनी बसा म्हटलं तरी बसेना. टेबलावर चित्र पडलं होतं. तिने ते पाहिलं, पदर सावरला आणि पुढे येऊन बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. "ह्यो आमचो हंडो, पोचो इलेलो. आणि ही मदीच घुसता ती शेजारीण."

सरांनी कागद आपल्याकडे ओढला. तोंड न बघता तुम्ही ओळखलंत कसं, असं त्यांनी विचारलं. त्यावर तिने टकलापासून अंबाड्यापर्यंत एकेकाची नावं सांगितली. शेजारणीच्या डोक्यावर तेल किती ते बघा, असंही सांगितलं. सर आधी ऐकत होते, मग चष्मा लावून एकेक डोकं बघायला लागले. चित्र कसं धरायचं हा प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

आई गेल्यावर ते म्हणाले, "पाठवा. पण जबाबदारी तुमची. आणि तिला फेटेवालासुद्धा शिकवून ठेवा, वेळ आली तर असावा."

आता मी खूश. चित्र वर्गात लावलं, मुलांना सांगितलं की आपण जिथे उभे असतो तिथून बघा. मुलांनी ऐकलं. पुढचा विषय दिला गणपतीचा, आणि सबंध वर्गाने गणपती वरून काढला. त्यानंतर वरून लग्न, वरून क्रिकेट, एका महाभागाने तर वरून नारळाचं झाड काढलं. पाठमोरी माणसं गेली आणि त्यांच्या जागी डोकी आली. आमची वाट लागली. नवीन कल्पना सुचायला कितीही वेळ लागो, तिची तीन नंबरची बाई व्हायला एक तास पुरतो.

एकीने मात्र गणपती वरून काढला नव्हता. संगीताने. तिने दर्शनाची रांग काढली होती आणि रांगेतली सगळी माणसं पाठमोरी. मला धक्काच बसला. सरांनी हिला फेटेवाला परस्पर शिकवला की काय?

"अगं, तू पण?" मी विचारलं.

"बाई, रांगेत मी वर कशी असेन? मी मागे असते. मला पाठीच दिसतात."

मग मी नीट पाहिलं. एकाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. एका ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टी पिन होती. आणि एका खांद्यावरून एक बाळ तोंडात बोट घालून सरळ आपल्याकडे बघत होतं. त्या वर्गात मी पाहिलेला तो पहिला चेहरा. नाक जरा वाकडं होतं. मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की तासभर मी तेच चित्र हातात घेऊन हिंडत होते.

परीक्षा कुर्ल्याच्या सेंटरला झाली. स्मरणचित्राला आला बसथांबा. बाहेर आल्यावर मुलांनी काय काय काढलं ते सांगितलं. फेटेवाला थांब्यावर उभा राहिला होता, पाटीवालीही होती. संगीताला काय काढलंस विचारलं तर म्हणाली, निकाल लागल्यावर सांगेन. पेपर सरकारजमा होतात, परत मिळत नाहीत, म्हणजे बघायचीही सोय नव्हती. निकाल येईपर्यंत मला नीट झोप नव्हती. माझ्या हट्टापायी पोरगी शिवणक्लासला जाईल ही धास्ती होती.

निकाल आला. संगीता पास. बी ग्रेड. मला रडूच फुटलं, ते मी पटकन कपाटाकडे तोंड करून आवरलं. सावंत सर म्हणाले, "फेटेवाला टाकला असता तर ए मिळाली असती." असेल, मी म्हटलं.

मग संगीताला बोलावून विचारलं, आता तरी सांग. कुठे उभी होतीस?

"बसमध्ये, बाई. खिडकीला. थांब्यावरची माणसं दिसली."

"म्हणजे सगळ्यांचे चेहरे काढलेस? परीक्षेत?"

"काढावेच लागले," ती म्हणाली. "बस आल्यावर पाठ करून कोण उभं राहील?"

ते चित्र मी कधीच पाहिलं नाही. पण रिटायर होईपर्यंत स्मरणचित्राच्या प्रत्येक तासाला मी मुलांना एकच प्रश्न विचारत आले, तू कुठे उभी आहेस, तू कुठे उभा आहेस. बहुतेकांचं उत्तर यायचं, "बाकाजवळ, बाई." तेही खोटं नसायचं. त्यांना जरा वेळ द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. शिक्षकाला यातलं दुसरं फार जड जातं.