हिल्काने झेललेली उडी

त्या हिवाळ्यात आमच्या कायानी गावात कुजबुज होती, की सलूनवाल्या हिल्काच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणे, गेममध्ये राक्षस मागे लागलेला असताना ही बया दाराची फळी न्याहाळत उभी राहते. म्हणे, नवऱ्याने तिच्याशी बोलणं टाकलंय.

नवऱ्याचं आधी निस्तरू. उर्पोने बोलणं टाकलं नव्हतं. ते त्याने कधी हातातच घेतलं नव्हतं. त्याच्याकडे तीन 'हं' आहेत: नाकातला होकाराचा, घशातला नकाराचा आणि पोटातला कॉफी मागायचा. संसार त्यावरच चाललाय.

फळीचं मात्र खरं होतं. हिल्का संध्याकाळच्या वर्गात गेम बनवायला शिकत होती, आणि तिची नजर फिरली होती. तशी ती आधीपासूनच खोट काढणारी. चर्चमध्ये तिला माणसाच्या चेहऱ्याआधी मानेवर चुकलेली कात्री दिसते. आता गेममध्येही तेच.

"अरे उर्पो, बघ की! प्रत्येक दाराच्या लाकडात तीच गाठ! एकच फळी काढलीय आणि गावभर ठोकलीय, लबाड कुठचे!"

तोवर राक्षसाने उर्पोला गिळलेलं असायचं.

लग्नापासून हिवाळ्यातल्या अंधाराच्या महिन्यांत दोघं सोफ्यावर शेजारी बसून खेळत. खांद्याला खांदा, गप्पा म्हणाल तर एवढ्याच. एका संध्याकाळी उर्पोने कंट्रोलर खाली ठेवला आणि चक्क वाक्य उच्चारलं, "तू खेळत नाहीस. तपासतेस."

आणि तो सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडायला गेला.

हिल्का रात्रभर कुशी बदलत राहिली. वर्ग सोडायचा, असं तिने ठरवलं. फी भरलेली होती म्हणून एकदा जाऊन आली. त्या दिवशी मास्तरणीने उडी शिकवली. खेळणारा कड्यावरून घसरतो, बटण जरा उशिरा दाबतो. तरी गेम त्याला क्षणभर हवेत धरून ठेवतो आणि उडी मारू देतो. मुद्दामच तसं बनवलेलं असतं.

ती बर्फातून धावत घरी आली. बूटसुद्धा काढले नाहीत.

"उर्पो! आपण थोडक्यात वाचायचो ना, ते नशिबाने वाचायचो नाही! कुणीतरी थांबायचं रे आपल्यासाठी! तोंड न पाहिलेलं माणूस!"

"हं," उर्पो म्हणाला. नाकातला.

त्या आठवड्यात ती पुन्हा खेळायला बसली. दारं अजून दिसत होती, पण आता ती प्रत्येक दाराला म्हणायची, "बरं केलंस हो, जे कुणी असशील ते." आणि पळायची.

मग तिने स्वतःचा गेम बनवला. वसंतातला तलाव, फुटलेल्या बर्फाच्या लाद्या, आणि त्यांवरून पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन निघालेली म्हातारी.

मी तिचं जुनं गिऱ्हाईक. सलूनच्या खुर्चीत बसून मी तिच्याच सुरात तिला चिडवलं, "लबाड कुठचे! हिल्का, आतलं कळलं की मजा मेली. तुझी नाही का मेली?"

"कळूनही तू पुन्हा खेळायला मागशील. लाव पैज."

"हरलो तर?"

"ही झालर माझी." डोळ्यांवर येणारे माझे केस तिने कात्रीच्या टोकाने उचलले. ते मी सातवीपासून जपलेले.

तिने मला सगळं उलगडून दाखवलं: म्हातारी किती वेळ हवेत थांबते, का थांबते. मग कंट्रोलर हातात दिला. मी मुद्दाम उशीर केला. लादी सुटली, खाली काळं पाणी, म्हातारी अधांतरी. आणि सगळं ठाऊक असूनही मी खुर्चीतून अर्धा उठलो. मी बटण दाबलं. घसरगाडी पलीकडे! मी ओरडलो तेव्हा ड्रायरखालच्या आजींनी डोकं बाहेर काढलं.

हिल्का पडद्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"आता मी," दारातून उर्पो म्हणाला. पूर्ण दोन शब्द.

"थांब की, अजून एकदा मला—"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. इथे मला हवेत धरून ठेवायला कुणीच नव्हतं. हिल्काने कंट्रोलर उर्पोला दिला आणि माझ्या मानेभोवती टॉवेल बांधला.