छत्र्यांच्या खोलीतले साठ बिल्ले

"हात वर करा आणि तोंडावर सांगा, आता तू नकोस. एवढी धमक नसेल तर पक्ष कशाला काढायचा? पत्त्यांचा क्लब काढा!" मास्तर कडाडले.

"हात वर करायला सांगितला की माणूस आधी शेजाऱ्याचा हात बघतो," वकील म्हणाले. "स्वतःच्या मनात बघत नाही."

"मग काय, चोरासारखं करायचं?"

"चोरासारखं नाही रे. लाजत लाजत. माणूस काढायचा म्हणजे थोडी लाज वाटलीच पाहिजे."

बावीस वर्षांपूर्वीचं हे भांडण मावशींनी टेबल पुसता पुसता ऐकलं. तेव्हा पक्ष म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक डुगडुगतं टेबल आणि दोन मित्र. एक शाळेत गणित शिकवणारे मास्तर, दुसरे कोर्टात फारसं न चालणारे वकील. मावशी झाडलोटीला. भांडण काही मिटेना, आणि टेबल तर इतकं पुसून झालं की त्यात तोंड दिसावं. शेवटी मास्तरांनी हात टेकले. वकील हरले असते तरी बोलतच राहिले असते, त्यापेक्षा हे बरं.

रीत अशी ठरली. निवडून आलेल्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला, त्यावर आकडा. सगळे बिल्ले मागच्या छत्र्यांच्या खोलीत खिळ्यांना टांगायचे. नेत्यावरचा विश्वास उडाला की त्या माणसाने एकट्याने आत जायचं, आपला बिल्ला काढून खालच्या पेटीत टाकायचा आणि गप्प घरी जायचं. पेटीतले बिल्ले खिळ्यांवरच्या बिल्ल्यांपेक्षा जास्त झाले की किल्लीवाल्याने पेटी उचलून पक्षातल्या सर्वांत थोरल्या माणसापुढे ठेवायची. नेता त्याच दिवशी पायउतार. तोवर आकडा कुणाला सांगायचा नाही, नेत्याला तर नाहीच. कुणी वारला तर त्याचा बिल्ला त्याच दिवशी उतरवून घरच्यांच्या हातात द्यायचा.

"आणि किल्ली कुणाकडे?" मास्तरांनी विचारलं, आणि दोघांनी एकदमच मावशींकडे पाहिलं.

"अहो, मला वाचता येत नाही!"

"म्हणूनच," वकील म्हणाले.

मग मास्तरांनी त्यांना आकडे शिकवले. पक्षाची माणसं तोवर सात झाली होती, पण मास्तर आशेवर जगणारे. साठपर्यंत शिकवले.

आणि खरंच साठ झाले. पक्ष सत्तेवर आला, मोठी इमारत आली, मास्तर नेते होऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसले. नेत्याला बिल्ला नसतो, बाकीच्यांचे साठ. छत्र्यांची खोलीही नव्या इमारतीत आली, आणि मावशींच्या कमरेची किल्लीसुद्धा. त्या किल्लीमुळे मोठमोठी माणसं त्यांच्याशी अदबीने वागायची. घरी मात्र सून सोडायची नाही. "आई, राज्याची किल्ली कमरेला आणि डब्याचं झाकण रोज विसरता!"

सत्तेची अकरा वर्षं झाली आणि मास्तर लोकांना नकोसे झाले. बसगाड्या निम्म्या केल्या, दवाखाने दुपारचे बंद ठेवले, आणि कुणी तक्रार केली की फळ्यावर गणित मांडावं तसं समजावून सांगायचे. गणित बरोबर असायचं, हाच लोकांचा राग. निवडणूक तोंडावर आली आणि कार्यालयात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. बाहेर ऊन रणरणतंय, आणि एकेक जण येऊन म्हणतोय, "मावशी, जरा किल्ली द्या. छत्री राहिली वाटतं."

मावशी किल्ली द्यायच्या. आत पितळ लाकडावर पडल्याचा आवाज यायचा, टक्. माणूस रिकाम्या हाताने बाहेर यायचा आणि थेट मास्तरांच्या खोलीत जाऊन वाकून नमस्कार करायचा. ज्याचा टक् ताजा, त्याचा नमस्कार जास्त खोल. कुणाची कंबर किती वाकली यावरूनच मावशींना आकडा कळू लागला.

महिन्यापूर्वी वकील गेले. झोपेतच. मावशी रडल्या, त्यांचा सात नंबरचा बिल्ला लिंबाने घासून त्यांच्या घरी गेल्या. दाराला कुलूप. वकीलीणबाईंना लेकीने तिच्या गावी नेलं होतं. बिल्ला घरच्यांच्या हातातच द्यायचा असतो. पिशवीत कुठे हरवेल म्हणून मावशींनी तो परत आणला आणि होता तिथेच खिळ्याला अडकवला.

पेटीत तीस बिल्ले पडले आणि छत्र्या विसरायच्या थांबल्या. तीस पेटीत, तीस खिळ्यांवर. बरोबरी. जास्त नाही. आठ दिवस कुणी फिरकलं नाही.

पण त्या आठ दिवसांत इमारतीला काहीतरी झालं. मास्तरांची घंटा वाजायची आणि शिपाई ती शेजारच्या घरातली असावी तसा ऐकून बसायचा. बैठकीला चहा यायचा तो रोज एक कप कमी. "मी मोजूनच आणले हो," कँटीनवाला शपथ घ्यायचा. मावशी संध्याकाळी मास्तरांची खुर्ची टेबलाशी नीट लावून जायच्या, सकाळी ती भिंतीकडे तोंड करून असायची. पहारेकरी म्हणायचा, आत कुणी गेलं नाही. दोनदा तर मास्तर जिन्यावरून खाली येत होते आणि वर जाणारी माणसं बोलत बोलत सरळ त्यांच्या अंगावर आली, जिना रिकामा असावा तशी. शेवटच्या क्षणी दचकली.

नवव्या दिवशी सकाळी मावशींनी खोली उघडली. सात नंबरचा बिल्ला जमिनीवर होता, खोलीच्या अगदी मधोमध. खिळा भिंतीत घट्ट. उंदराने पाडला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उंदराला पितळ कशाला लागतं, हे विचारलं नाही.

बिल्ला उचलून त्या खिळ्याकडे गेल्या आणि हात तिथेच थांबला. हातातला बिल्ला मेलेल्या माणसाचा. तो मोजणीत धरायचाच नाही. मग भिंतीवर उरले किती? त्यांनी एकेकाला बोट लावलं. एकोणतीस. पेटीत तीस.

मास्तर आठ दिवसांपूर्वीच नेतेपदावरून गेले होते. इमारतीला कळलं होतं, चहाच्या कपांना कळलं होतं. फक्त ज्यांना कळायला हवं होतं त्या किल्लीवालीला कळलं नव्हतं. एका मेलेल्या माणसाने मास्तरांना खुर्चीत धरून ठेवलं होतं, आणि त्या माणसाला खिळ्याला टांगलं होतं मावशींनी.

"मावशी."

दारात मास्तर उभे होते. या खोलीत ते कधी येत नसत. त्यांची नजर मावशींच्या हाताकडे गेली, मग भिंतीकडे. मास्तरांना मोजायला बोट लावावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"विचारायचं नसतं, मास्तर."

"कधीपासून, मावशी?"

"आठ दिवस झाले."

मास्तर छत्र्यांच्या स्टँडला टेकले. "तरीच. दार उघडून आत गेलो की लोक माझ्या मागून कोण येतंय ते बघतात. काल घरी नातीने माझं पान मांडलं नाही. विचारलं तर म्हणाली, आजोबा, तुम्ही जेवून उठलात ना? मी बसलोच नव्हतो." मग हळूच म्हणाले, "उद्या अंदाजपत्रक मांडतोय. एवढं होऊ दे. तो बिल्ला एक दिवस परत टांगा. तुमचीही चूक झाकली जाईल. नाहीतर किल्ली काढून घेतील तुमच्याकडून."

"घेतील."

"मग?"

मावशींनी बिल्ला पदराच्या टोकात बांधला. "मास्तर, साठपर्यंत तुम्हीच शिकवलंत. तीसच्या पुढे एकोणतीस येतात, असं काही शिकवलं नव्हतंत."

मास्तरांना हसू आलं. शाळेत असताना हसायचे तसं. ते दारातून बाजूला झाले.

पेटी जड होती. मावशी ती कडेवर घेऊन लांब व्हरांड्यातून निघाल्या, आणि वाटेतली एकेक खोली गप्प होत गेली. पक्षातल्या थोरल्यांनी पेटी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आजची?" त्यांनी विचारलं.

पेटी ठेवून काही बोलायचं नाही अशी रीत. मावशी बोलल्या. "नाही. आठ दिवसांपूर्वीची. वकिलांचा बिल्ला मी टांगून ठेवला होता. चूक माझी."

थोरल्यांनी हात पुढे केला. मावशींनी कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली. बावीस वर्षांत कमरेला तिचा खळगा पडला होता.

दुपारपर्यंत मास्तरांच्या दारावरची पाटी उतरली. मास्तर बाहेर पडले तेव्हा शिपाई उठून उभा राहिला, जिन्यावरची माणसं बाजूला झाली. कुणीतरी त्यांच्या अंगावर ओरडलंसुद्धा, दवाखान्यांवरून. मास्तरही जिन्यातच थांबून त्याला गणित सांगू लागले.

मावशींनी घरी फोन केला. "सूनबाई, मला उशीर होईल."

"किल्ली गेली म्हणे, आता कसलं काम उरलंय, आई?"

"एक राहिलंय."

वकीलीणबाई परवाच परतल्या होत्या. मावशींनी त्यांच्या दाराबाहेर चपला काढल्या, पदराची गाठ सोडली, बिल्ला पुन्हा एकदा पदराने पुसला.

"बसा ना मावशी, पाणी तरी घ्या," वकीलीणबाई म्हणाल्या.

"या कामाला आल्यावर बसत नाही मी," मावशी म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी बिल्ला पुढे केला.