टाचणीमावशींचं गुप्तदान

तोंडात चार-दोन टाचण्या धरूनच बोलायची सवय, म्हणून अख्खी गल्ली त्यांना टाचणीमावशी म्हणायची. लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, लांबी कमी-जास्त करून देणं हा त्यांचा धंदा. नवरा तरुणपणीच गेला. एकुलत्या एका मुलीला त्यांनी शिलाई मशीनवर वाढवलं, शिकवून नर्स केलं. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला लागली, तरी मावशींची धास्ती काही गेली नाही. उद्या हात चालेनासे झाले तर? डोळे अधू झाले तर? रविवारी चर्चच्या उपासनेत दानाची पिशवी समोर आली की त्या लहानातलं लहान नाणं टाकायच्या आणि चटकन पिशवी पुढे सरकवायच्या. गेली बारा वर्षं त्या कापडाच्या कडा शिवणाऱ्या एका ओव्हरलॉक मशीनसाठी पै-पै साठवत होत्या.

शेजारच्या इस्त्रीवाल्याशी त्यांचा चार वर्षं अबोला होता. एका नवरीचा पांढरा झगा मावशींनी महिनाभर खपून शिवला होता आणि यानं तो इस्त्रीखाली जाळला. वर "कापडच कुजकं होतं," म्हणून हात झटकून मोकळा झाला. मावशींनी पदरमोड करून नवरीची भरपाई केली आणि त्या दिवसापासून त्याचं तोंड बघणं सोडलं.

मग एका दुपारी त्याच्या दुकानातली वायर पेटली. टेबल, छत, लोकांचे कपडे, सगळ्याची डोळ्यांदेखत राख झाली. माणसं तेवढी बचावली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं भरपाई मागायला दारात उभी. मावशी खिडकीतून बघत होत्या. बरी जिरली, हेच त्यांच्या मनात आधी आलं. तेवढ्यात त्यांना इस्त्रीवाल्याची बायको दिसली. ती उकिडवी बसून राखेतून बटणं वेचत होती, एकेक पुसून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत होती. परत देण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

मावशींना आपल्याच मनाची भीती वाटली.

रविवारी प्रार्थनेत क्षमेची ओळ आली आणि त्यांना राखेतली ती बटणं आठवली. सोमवारी सकाळी त्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी गेल्या आणि एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं.

"इस्त्रीवाल्याला द्या. दुकान उभं राहील एवढे आहेत."

"मावशी, हे तुमच्या मशीनचे ना?"

"होते."

"कुणी दिले म्हणून सांगू?"

"कुणीच नाही. माझं नाव काढलंत, तर तुमचा उपासनेचा झगा यापुढे दुसरीकडे शिवायला टाका."

पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी पाकीट उचललं आणि त्याच दुपारी नाव न सांगता इस्त्रीवाल्याला पोचवलं.

घरी येताना मावशी स्वतःलाच विचारत होत्या, हे आपण काय करून बसलो? दुपारभर त्यांना जेवण गेलं नाही. पण दोन-तीन दिवसांनी सुईत दोरा ओवताना त्या मधेच थांबल्या. पडलेल्या दाताची जागा जिभेनं चाचपावी तशी त्यांनी ती जुनी धास्ती मनात चाचपून पाहिली. ती नव्हती. बारा वर्षं पैसा साठवून जी गेली नाही, ती पैसा गेल्यावर गेली होती. मावशींनी दोरा ओवला आणि पुढचं शिवायला घेतलं.

इकडे इस्त्रीवाल्यानं ठरवूनच टाकलं, की पैसे कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यानंच दिले. गल्लीत पैसेवाला तो एकटाच. चष्मेवाला शपथेवर नाही म्हणाला, तर लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस. गिऱ्हाइकं मावशींच्याच दुकानात बसून त्याची वाहवा करायची. पहिल्या दिवशी मावशींना ते झोंबलं. पुढे पुढे मात्र तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसू दाबणं कठीण व्हायला लागलं.

नवं दुकान सुरू झालं आणि आठवड्याभरानं इस्त्रीवाला त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायची हिंमत होत नव्हती.

"मावशी, त्या झग्याचं कापड चांगलं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"आज कसं आठवलं?"

"मला कुणीतरी एवढं दिलं आणि साधे आभारसुद्धा मागितले नाहीत. तेव्हापासून तुमच्या दारावरून जाताना पाय जड होतात. झग्याचे पैसे थोडे थोडे करून फेडतो."

"पैसे राहू देत. खुर्ची आहे, बस."

तो बसला आणि लहान मुलासारखा रडला. तो गेल्यावर मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांनी दिलं होतं दुकानासाठी. हा माणूस परत मिळावा, असं त्यांनी देवाजवळ मागितलंही नव्हतं. भरदुपारी, गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगात, आपल्या शेजारी कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटलं, आणि त्या गुडघ्यांवर बसल्या.

मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, ते नवं मशीन कुठाय?"

मावशींनी तिला एकटीला सगळं सांगितलं. मुलगी थक्क होऊन ऐकत होती.

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मावशी म्हणाल्या, "पण एकदा गेली ती परतून काही आली नाही."