भिला आप्पांच्या चिंध्या

भिला आप्पांना मी पहिल्यांदा भेटले ती भांडायलाच. सुरतेजवळ इच्छापोरच्या बाजूला असलेल्या, कापड रंगवणाऱ्या एका मोठ्या डाइंग मिलमध्ये मला नोकरी लागून जेमतेम आठवडा झाला होता. 'पर्यावरण अधिकारी' अशी पाटी माझ्या टेबलावर होती आणि त्या पाटीचा मला भलताच तोरा होता. मिलच्या मागच्या अंगाला रंगीत सांडपाणी साफ करायचा प्लांट. तिथे फेरी मारायला गेले तर काय, दोन खांबांमध्ये तार ओढलेली आणि तारेवर वीतवीतभर चिंध्या वाळत घातलेल्या. कुठली गुलाबी, कुठली निळसर, एखादी चहाच्या फडक्यासारखी तपकिरी. "हा काय धोबीघाट आहे? कुणाचं धुणं हे?" मी ओरडले. टाकीच्या कठड्यावर भाकरी खात बसलेला एक काटकुळा म्हातारा उठला, त्याने सावकाश हात धुतले आणि म्हणाला, "मिलचं धुणं आहे, पोरी. रोज निघतं."

हे भिला आप्पा. प्लांटचे ऑपरेटर. शिरपूरकडचे, तरुणपणी सुरतेत आले ते इथलेच झाले. राहायला पर्वत पाटियाजवळ एका खोलीत, ते आणि त्यांची बायको, जिला सगळा मोहल्ला माय म्हणायचा. आप्पा बोलायचे अहिराणी. साहेबासमोर अहिराणी, गुजराती फोरमनसमोर अहिराणी, आणि हिंदी बोलले तरी ती अहिराणीच असायची. इथे मी त्यांचं बरंचसं बोलणं साध्या मराठीत सांगते आहे, पण काही वाक्यं तशीच ठेवणार, कारण ती उलगडून सांगितली की पार फिकी पडतात.

तर त्या चिंध्या. मिलमधून साफ होऊन पाणी जिथे बाहेरच्या गटारात पडायचं, तिथे आप्पा रोज सकाळी पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी अर्धा तास बुडवून ठेवायचे, पिळायचे, कोपऱ्यावर तारीख लिहायचे आणि तारेवर टांगायचे. कापडही साधंसुधं नाही. नवीन कापडाला खळ असते, ते रंग नीट धरत नाही, म्हणून वापरून मऊ झालेलं हवं. आप्पांचे किती लेंगे त्या पाण्यात गेले देव जाणे. माय कुरकुरायची, "मला घरात पोतेऱ्याला फडकं उरलं नाही, सगळं मिलला घातलं या माणसाने."

मी त्यांना ऐकवलं, "आप्पा, आपल्याकडे एवढी मोठी लॅब आहे. मशीन आहेत. चिंध्या कशाला हव्यात?"

"लॅबचा कागद छान असतो," आप्पा म्हणाले. "पण कागद लिहिणारा पगार घेतो, पोरी. पाटी रंगवणारा पगार घेतो. मीही घेतो. *पानी काय पगार लेस का? ते कसाले खोटं बोली?*"

आणि मग तो प्रश्न, जो त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने शंभरदा ऐकला असेल. "*तू सोता देखं का?*" तू स्वतः पाहिलंस का? कुणी सांगितलं कतारगाममध्ये पाणी भरलंय, की आप्पा विचारणार, तू सोता देखं का? कुणी सांगितलं अमक्याची सून भांडखोर आहे, तरी हेच. लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. पण मोहल्ल्यातली निम्मी भांडणं त्या एका प्रश्नाने जागच्या जागी विझायची हेही खरं.

मिलमध्ये दरवर्षी पर्यावरण दिनाला झाडं लावायचा मोठा सोहळा व्हायचा. मांडव, फेटे, फोटो. हजारो झाडं लावली असं गेटवरच्या बोर्डावर झोकात लिहिलं होतं. आप्पा मला हाताला धरून कुंपणाजवळ घेऊन गेले आणि एक खड्डा दाखवला. "हा माझ्या ओळखीचा आहे. गेली कित्येक वर्षं यातच झाड लावतात. खड्डा तोच, पाहुणा तेवढा नवा." त्या खड्ड्याशेजारी एक कडुनिंब मात्र चांगला माणसाच्या उंचीचा झाला होता. तो कसा जगला विचारलं तर म्हणाले, "त्याला मी माझ्या बाटलीतलं पाणी घालायचो." म्हणजे माणूस नुसती खोड काढणारा नव्हता. हे कळायला मला वेळ लागला, कारण मी त्यांना किरकिरा म्हातारा ठरवून मोकळी झाले होते.

मी स्वतः तेव्हा काय करत होते? मी गोड गोड लिहीत होते. माझे बाबा लिंबायतला लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात राबून कानाने अर्धे बहिरे झाले होते आणि भेटेल त्याला सांगत सुटले होते, "आमची वैशाली टेबलावर बसते." ते टेबल मला जिवापाड प्यारं होतं. ऑफिसात मी गुजराती बोलायचे, इंग्रजी झाडायचे, आणि घरी आपण अहिराणी बोलतो याचा चुकूनही पत्ता लागू द्यायचे नाही. मॅनेजर जिग्नेशभाईंनी सांगितलं की आपलं कापड घेणाऱ्या एका परदेशी कपड्याच्या कंपनीची बाई पाहणीला येणार आहे, झकास अहवाल तयार करा. मी केला. पहिल्याच पानावर मोठा फोटो टाकला: साफ पाण्याच्या टाकीत सुळसुळणारे केशरी मासे. खाली लिहिलं, 'आमचं सांडपाणी इतकं शुद्ध होतं, की त्यात मासे सुखाने राहतात.' त्या वाक्यावर मी खूश होते. खाली माझी सही होती.

तो अहवाल मी हौसेने आप्पांना दाखवायला नेला. ते माशांना भाकरीचा चुरा घालत होते. फोटो त्यांनी निरखून पाहिला, मासे ओळखले, हसले. मग विचारलं, "तू सोता देखं का?"

"आप्पा, हे काय समोर आहेत की मासे!"

"मासे दिसले. पाणी कुठून येतं ते पाहिलंस?"

त्यांनी मला टाकीच्या मागे नेलं. तिथे एक बारीक निळा पाइप होता. मी त्याच्या मागोमाग चालत गेले, भिंतीला वळसा घातला, आणि तो पाइप जाऊन मिळाला होता कॅन्टीनच्या बोअरला. आम्ही सगळे ज्या नळाचं पाणी प्यायचो, त्याच नळाचं पाणी मासे पीत होते. सांडपाण्याचा एक थेंबसुद्धा त्या टाकीत कधी पडला नव्हता. लाज वाटून माझे कान तापले. वर्षभर त्या टाकीजवळून रोज गेले होते मी!

आप्पांनी मग चिंध्यांची पिशवी आणून कठड्यावर तारखेप्रमाणे मांडली. रंगीत, रंगीत, रंगीत, आणि मधेच एखादी पांढरीशुभ्र. मी विचारलं, "या कशा पांढऱ्या?" ते म्हणाले, "तुझी डायरी काढ आणि तारखा बघ." मी काढली. प्रत्येक पांढऱ्या चिंधीच्या दिवशी मिलमध्ये कुणी ना कुणी तपासणीला आलेलं होतं. प्लांटमध्ये शेवटचा मोठा फिल्टर होता, चांगला होता, पण तो फक्त पाहुण्यांसाठी चालायचा. एरवी खर्च वाचवायला बंद.

मला इतका राग आला की मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच्या आत्ता तो पाइप तोडा. टाकीत हेच रंगीत पाणी सोडा. येऊ दे ती बाई, बघू दे मासे कसे मरतात ते!"

आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले की मी ओशाळले. "*यासना काय दोस?*" ते माशांकडे बोट करून म्हणाले. "खोटं बोलायला त्यांना इथे बसवलंय. ते बिचारे नुसते पोहतात."

पाहणीच्या दिवशी साहेबांच्या हुकुमाने चिंध्या तारेसकट काढल्या गेल्या. फिल्टर धडधडत होता. जिग्नेशभाई, ती परदेशी पाहुणी आणि मी प्लांटकडे आलो. पाहुणीला सगळं इंग्रजीतून समजावून सांगायचं काम माझं होतं. आम्ही माशांच्या टाकीशी पोचलो आणि जिग्नेशभाईंचा चेहरा उतरला. टाकीत मासे नव्हते. तळाला गढूळ जांभळं पाणी होतं आणि निळा पाइप नीट गुंडाळून बाजूला ठेवलेला होता.

"माछलां क्यां गयां?" जिग्नेशभाई गुरकावले.

आप्पा डोक्यावरची टोपी काढून पुढे आले. आवाज न चढवता म्हणाले, "*हाई पानी मासासले सोसाव नही साहेब, म्हनीसन घर लई गऊ.*" हे पाणी माशांना सोसणार नाही, म्हणून घरी घेऊन गेलो. मग म्हणाले, आज फिल्टर चालू म्हणून पाणी बरं असेल. टाकीत आहे ते कालचं, रोजचं.

पाहुणी माझ्याकडे वळली. हे काय म्हणाले, असं तिने विचारलं.

जिग्नेशभाई हसरा चेहरा ठेवून माझ्या कानाशी पुटपुटले, "कही द्यो के टांकी साफ करवानी छे." सांगून टाक, टाकी साफ करायची आहे. किती सोपं होतं! तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना आप्पांचं बोलणं कळलं होतं, न कळलेली एकटी तीच. माझं टेबल, त्या टेबलाचं भेटेल त्याला सांगणारे बाबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडून दिलं होतं.

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितलं. आणि उगीचच, कुणी विचारलं नसताना, हेही सांगितलं की ही भाषा मला येते कारण ती माझ्या घरची आहे. मग माझ्या अहवालातला मासे असलेला पहिला कागद मी तिच्यासमोर फाडला. आप्पांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून चिंध्यांचं गाठोडं काढलं आणि कठड्यावर मांडायला सुरुवात केली, तारखेप्रमाणे, जशा मला दाखवल्या होत्या तशाच.

मला वाटलं, आता आमचं दोघांचं गाठोडं बांधलं जाणार. पण ती बाई हुशार निघाली. ती कठड्याशी वाकून बराच वेळ एकेक चिंधी बघत राहिली. जाताना तिने एकच अट घातली: चिंध्यांची तार पुन्हा बांधायची, दर आठवड्याला त्या तारेचा फोटो पाठवायचा आणि चिंध्या याच माणसाने टांगायच्या. आता आप्पांना काढायची सोयच उरली नाही. फिल्टर रोज चालू लागला. जिग्नेशभाई महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे एकदा मी त्यांना तारेखाली एकटेच उभे राहून चिंधी उजेडात धरून बघताना पाहिलं, आणि मग माझाही त्यांच्यावरचा राग गेला.

चिंध्या पांढऱ्या व्हायला लागल्या तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. आप्पा कुठले नाचतात! रविवारी येऊन चिंधी बुडवली. दिवाळीत, मिल अर्धी बंद असताना येऊन बुडवली. माय म्हणाली, सणासुदीलाही हा माणूस गटाराशी जाऊन बसला. शेवटी एका सकाळी स्टाफ बसमधून आप्पा बादली सांभाळत उतरले. बादलीत मासे होते. टाकीला आता प्लांटचंच पाणी जोडलेलं होतं. त्यांनी मासे हळूच आत सोडले आणि कितीतरी वेळ तिथे उकिडवे बसून राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. "आता लिही," मला म्हणाले. "आता तू पाहिलंस."

मी मासे मोजले. दोन कमी होते.

"दोन घरी ठेवलेत," आप्पा म्हणाले. "साहेब चांगला आहे गं, पण उद्या साहेब बदलला तर?"

मी हसून हसून बेजार झाले. पण त्या माणसाने मला जे दिलं ते कुठल्या कॉलेजने दिलं नाही. मोठ्या कंपनीचं प्रत्येक बोलणं खोटंच असतं असं त्यांनी मला कधी शिकवलं नाही. खरं निघालं तर त्यांच्याइतकं खूश कुणी होत नसे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पाइपाच्या शेवटापर्यंत चालत जा. पुढे मी ती मिल सोडली. आता वेगवेगळ्या कारखान्यांचे असे दावे तपासणं हेच माझं काम आहे आणि माझ्या पर्समध्ये कायम एक पांढरी सुती पट्टी असते. लोकांना वाटतं रुमाल आहे. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टेबलापेक्षा हे बरं."

आप्पा गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. तेराव्याला मी पर्वत पाटियाच्या खोलीवर गेले, तर मायने कोपऱ्यातलं काचेचं भांडं माझ्या हातात ठेवलं. दोन केशरी मासे. "*हाई तुनाकरता शे, त्या सांगी गयात,*" ती म्हणाली. हे तुझ्यासाठी, ते सांगून गेलेत. मी ते भांडं रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं आणि वाटभर रडले.

गेल्या आठवड्यात मिलमधून फोन आला. जिग्नेशभाई केव्हाच निवृत्त झालेत, आता नवे साहेब आहेत, मोठे गोड बोलतात. म्हणाले, "भिला आप्पांच्या आठवणीत टाकी नव्याने बांधलीये, संगमरवरी पाटी लावलीये. ते दोन मासे तुमच्याकडे आहेत ना? ते सोडायला तुम्हीच या, फोटो काढू."

मी म्हटलं, "येते की. पण साहेब, हल्ली चिंध्या कोण टांगतं?"

मग ते म्हणाले, "तार आहे अजून, हां. तार काढली नाही आम्ही."

सोमवारी मी मिलमध्ये गेले. जुनी, धुऊन मऊ झालेली पांढरी चादर फाडून वीतवीतभर पट्ट्या केल्या होत्या, त्या घेतल्या. मासे घरीच ठेवले.