नकाशाच्या कडेला
जुन्या, ओलसर कागदाचा वास आला की अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या लायब्ररीचं तळघर आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे पार्टटाइम काम करायचो. एकदा म्हाताऱ्या लायब्ररियनने जर्मन लोकांना अमेरिकेत बोलावणाऱ्या जुन्या गाइडबुकातला नकाशा उलगडला. नदीकाठी चर्च, शाळा, गिरणी. "माझे पणजोबा हे बघून आले. पण इथे नुसती दलदल होती." कडेला पेन्सिलीने तीन क्रूस काढलेले. "ही त्यांची तापाने गेलेली मुलं. तरी गावी लिहायचे, सगळं छान आहे, या." माझ्या खिशात भारतातल्या धाकट्या भावाला लिहिलेलं पत्र होतं, सोबत दुसऱ्याच्या नव्या गाडीला टेकून काढलेला माझा फोटो. मी ते पोस्टात टाकलंच. भाऊ आला. दुसऱ्याच हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरून गेला. त्याच्या पाकिटात निघालेला तो फोटो आता माझ्याकडे असतो. त्याच्या कडेला पेन्सिल टेकवायची अजून हिंमत होत नाही.