शेंदेलोणाचे दाणे

“ब्रेन हॅमरेज,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी फुटते आणि रक्त आतच साचतं. श्रावणातल्या सोमवारी सकाळी यांच्या हातातला तांब्या पडला, उजवं अंग लुळं झालं. चौकातल्या गर्दीतून रिक्षा दवाखान्यात पोचेस्तोवर वाचाही गेली.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हायपरटेन्शन होतं, म्हणजे उच्च रक्तदाब. वय बहात्तर. वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याचे लिलाव पुकारण्यात जन्म गेला. आवाज असा, की घरात हळू बोलले तरी गल्लीला कळायचं.

त्याच्या वर्षभर आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, “रोज मूठभर शेंगदाणे, बदाम, अक्रोड खा. बिनमिठाचे. काहींचा बीपी त्यानं थोडा उतरतो, सगळ्यांचा नाही. गोळी मात्र रोज, नाश्त्यानंतर.”

यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. दाणे उपासाला चालतात, म्हणून उपास वाढले. आधी गुरुवार होता, मग शनिवार आला, श्रावणात सोमवारही. उपासाला नाश्ता नाही, म्हणून गोळी नाही. मी टोकलं तर म्हणाले, “गोळी अन्नावर घ्यायची. आज अन्न कुठंय? दाणे खातोय की, तेच औषध. तू लई शहाणी नको होऊ.”

मी गप्प बसले. गप्प बसले एवढंच नाही, दाणेही मीच भाजत होते. शेंदेलोणाच्या पाण्यात भिजवून, कढईत खरपूस. उपासाचं मीठ ते काय मीठ, असं माहेरापासून डोक्यात बसलेलं. मध्ये एकदा बीपी चांगला आला, तर मी शेजारणीलाही डबाभर दिले.

आयसीयूच्या बाहेर नऊ दिवस काढले. सकाळी पाच मिनिटं आत सोडायचे. आठव्या दिवशी यांनी तोंड उघडलं. “व्हय,” म्हणाले. मी देवाला हात जोडले.

डॉक्टरांनी विचारलं, “काका, गोळी रोज घेत होता ना?”

“व्हय.”

“नाय, डॉक्टर,” मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “ही गोळी रिकाम्या पोटीही चालली असती. विचारायचं होतं, काकू. आणि शेंदेलोण हेही मीठच.” मग समजावलं, की यांना अफेजिया झालाय, म्हणजे मेंदूतली भाषेची जागा दुखावलीय. कधी कधी एखादाच शब्द उरतो. तोच सगळ्याला येतो.

वर्ष झालं, यांना तेवढाच शब्द आहे. घरात बीपीवाला कुणी असेल तर माझं ऐका. दाणे खुशाल खाऊ द्या, पण मिठाशिवाय, आणि उपास असो की सण, गोळी चुकवू देऊ नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. नवऱ्याच्या तोंडाला लागायचं नाही, म्हणून माझ्यासारखं गप्प बसू नका.

आता यांना अख्खा दाणा गिळवत नाही. मी बारीक कूट करून दह्यात कालवते, बिनमिठाचा. काल भरवताना विचारलं, “अळणी लागतंय का हो?”

“व्हय.”

मग वर्षभर घशात अडकलेलं विचारलं. “मी तेव्हाच भांडायला पाहिजे होतं ना?”

“व्हय,” म्हणाले, आणि गोळीसाठी तोंड उघडलं.