किसनाची उडी आणि कोरं राहिलेलं अंतर

“मला आकडा पाहिजे, गोष्ट नको,” मॅनेजर म्हणाले. “बारा फुटांवरून माणूस पडला तर फोर्स किती? चारला शेठजी येतात. कागदावर सही करून द्या, इंजिनीअर साहेब.”

खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी ज्युनियर इंजिनीअर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मला पुण्याहून डिप्लोमा घेऊन येऊन तीन महिने. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणं. मशिनी माडीवर, खाली आवारात कापसाचा मोठा ढीग. त्याला गंजी म्हणायचे. दुपारचा भोंगा झाला की माडीवरची माणसं जिना सोडून दारातून थेट गंजीवर उड्या टाकायची. जिन्यानं गेलं तर नळावर शेवटचा नंबर लागतो, एवढंच कारण. मीही दोनदा मारली होती. कमरेपर्यंत रुतायला मजा यायची.

आदल्या दिवशी किसना वानखडेनं भोंग्याला सगळ्यात आधी उडी मारली आणि त्याची नडगी मोडली. किसना पिंपळगाव राजाचा, माडीवरचा सर्वांत जुना माणूस. मॅनेजरांनी हुकूम टाइप करून ठेवला होता: दारू पिऊन आला, वेडीवाकडी उडी मारली, सबब कामावरून कमी. शेठजींची सही तेवढी बाकी. रोज वीस माणसं तिथंच उड्या मारतात, कोणाला खरचटत नाही, म्हणजे दोष किसनाचाच, हे मी सायन्सनं सिद्ध करायचं होतं.

मी खुशीत बसलो. खरं सांगतो, किसना डोक्यातही नव्हता. मॅनेजरांनी पहिल्यांदाच ‘साहेब’ म्हटलं, त्यातच मी फुगलो होतो. बारा फुटांवरून येणारा वेग काढला, किसनाच्या वजनानं गुणला, खाली ऐटीत ‘फोर्स’ लिहून दोन रेघा ओढल्या. मग लक्षात आलं, हा फोर्स नाहीच. हा मोमेंटम. आमच्या फिजिक्सच्या सरांनी कान धरून वर्गाबाहेर काढलं असतं.

फोर्सचा हिशोब सोपा आहे, पण त्याला दोन अंतरं लागतात. माणूस किती उंचीवरून आला आणि टेकल्यापासून थांबेपर्यंत किती रुतला. दोन्हींची बेरीज करा, तिला रुतण्यानं भागा. जो आकडा येईल, सरासरी तेवढ्या पट त्याच्या वजनाचा दणका. तीन फूट रुतला तर पंधरा भागिले तीन, पाचपट. माणूस कपडे झटकत उठतो. सहाच इंच रुतला तर साडेबारा भागिले अर्धा, पंचवीसपट. तिथं नडगीचं काही चालत नाही. आणि प्यालेला माणूस काही जास्त वेगानं पडत नाही.

म्हणजे किसनालाच विचारायला हवं होतं. दवाखान्यात गेलो.

“किसनाभाऊ, कुठपर्यंत रुतला होतात?”

“कुठलं रुतनं साहेब! घोट्याच्या वर चार बोटं. मंग धाडकन दगडच लागला. दारूचं काऊन इचारत नाही? सारे तेच इचारून राह्यले.”

“प्यायला होतात?”

“सोमवार होता न. उपास असते माहा. चहा पेलो होतो निस्ता.” मग आवाज उतरला. “साहेब, मले काढलं त लंगड्याले दुसऱ्या जिनात कोन घेते? घरी पाच खानारे हायेत.”

मला माझ्या त्या दोन रेघांची लाज वाटली.

परत येऊन गंजीत लोखंडी सळई खुपसली. जेमतेम वीतभर गेली आणि अडली. वरचा कापूस उपसला तर खाली सरकीची गच्च भरलेली पोती, थप्पीवर थप्पी. आवारातल्या हमालांना विचारलं तेव्हा कळलं, शेठजींना खरेदी डोळ्यांत भरावी म्हणून मॅनेजरांनी अपघाताच्या दिवशी सकाळीच गंजी अशी फुगवून घेतली होती. माडीवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी कापूस होता तसा पसरून ठेवला.

चारला शेठजी माडीच्या दारात उभे राहिले. “गंजी लोण्यासारखी आहे शेठजी, माणूसच पिऊन आला,” मॅनेजर म्हणाले.

“क्यों इंजिनीअर, तुमचा कागद काय म्हणतो?”

“शेठजी, एक अंतर कोरं आहे. मॅनेजर साहेबांनी आत्ता इथून उडी मारली तर लगेच भरतो.”

“मारा ना हो,” शेठजी म्हणाले. “लोण्यासारखी आहे ना?”

मॅनेजर दारापर्यंत गेले. खाली पाहिलं. कोटाची बटणं लावली. मग “जेवण जरा जड झालंय” म्हणत जिन्यानं उतरून गेले.

शेठजी स्वतः खाली गेले, कापसात हात घालून पोतं चाचपलं आणि हुकूम घडी करून खिशात टाकला. किसनाची नोकरी राहिली. मॅनेजरही राहिले, पण मला पुन्हा ‘साहेब’ म्हणाले नाहीत.

तीन महिन्यांनी किसना वजनकाट्यावर नोंदी करायला बसू लागला. पहिल्याच दिवशी त्यानं मला थांबवलं.

“साहेब, मॅनेजरनं उडी मारली असती त त्याले कितीपट लागलं असतं?”

“तेवढंच. पंचवीसपट.”

त्याचं तोंड पडलं.

“पण त्याच्या वजनाच्या पंचवीसपट,” मी म्हणालो.

किसनानं काट्याकडे पाहिलं, मग ऑफिसात बसलेल्या मॅनेजरांच्या पोटाकडे. “मंग ठीक हाये,” म्हणाला. फिजिक्स एवढ्या समाधानानं ऐकणारा माणूस मला पुढच्या सगळ्या नोकरीत भेटला नाही.